चोराच्या हाती लागलेला पव्वा

प्रश्न : आमच्या गावात एक किस्सा सर्वजण छातीठोकपणे सांगतात. गावातील एक म्हातारबुवा लघवीचा नमुना देशी दारूच्या रिकाम्या पव्व्यात भरून एसटीने सेवाग्रामच्या दवाखान्यात निघाले असता वर्ध्याच्या बसस्थानकावर चोराने त्यांची पिशवीच लांबवली. माझे सासर यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि तिकडेही हाच किस्सा तेथील एका आजोबांच्या नावावर सांगितला जातो. यातील खरा कोणता? आणि असली कवडीमोलाची वस्तू पळवणे कायद्याने चोरी ठरते काय?
— एक वाचक भगिनी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : दोन्ही गावे आपापल्या म्हाताऱ्यावरचा हक्क सोडणार नाहीत, हे ठाऊक असूनही सांगावे लागते की बहुधा दोन्ही किस्से ऐकीव आहेत. चोराने आडोशाला जाऊन बूच उघडले, एक घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले, हा प्रसंग सांगणारा अगदी रंगवून सांगतो. पण तो पाहिला कोणी? म्हातारबुवा त्या वेळी रिकाम्या हाताने दवाखान्याच्या रांगेत उभे होते आणि चोर काही चावडीवर येऊन आपली फजिती सांगणार नाही. सांगणाऱ्याला खोदून विचारावे, तर त्याने तो किस्सा साळ्याच्या मित्राकडून ऐकलेला असतो आणि त्या मित्राचा पत्ता कधीच लागत नाही.

अशा कथा जगभर फिरतात. अमेरिकेतील लोकसाहित्याचे अभ्यासक जॅन हॅरल्ड ब्रुनवांड यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात मेलेल्या मांजरीची कथा आहे. तीत मांजरीचे कलेवर दुकानाच्या पिशवीत बांधलेले असते आणि मोठ्या आशेने पिशवी पळवणारी चोरटी आत पाहताच बेशुद्ध पडते. त्याच संग्रहातील दुसऱ्या कथेत प्रवासात वारलेल्या आजीचा मृतदेह मोटारीच्या टपावर बांधलेला असतो आणि चोर मोटारीसह आजीलाही घेऊन जातो. मांजरीची कथा आपल्याकडे रुजली नाही, यात नवल नाही. मांजर मेली तर धुऱ्याकडेला खड्डा खणला की काम भागते, ती पिशवीत घालून बाजारात कोण मिरवणार? पव्व्याच्या कथेला मात्र वर्ध्यासारखी दुसरी जागा नाही. या जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी असल्याने पिशवीतून डोकावणारी बाटली पाहून चोराला किती हर्ष झाला असेल, हे ऐकणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

आपल्या भागात ही कथा इतकी का आवडते, याचे कारण माझ्या मते शेतात सापडते. विहिरीवरील मोटारपंपाची केबल रात्रीतून कापली जाते, आतील तांब्यासाठी ती कोठेतरी नाल्यात जाळली जाते आणि सकाळी शेतकऱ्याला काळ्या पडलेल्या वेष्टनाचे तुकडे तेवढे दिसतात. ऐन ओलिताच्या वेळी पाणी थांबते आणि चोर सहसा सापडत नाही. ज्याने असे नुकसान सोसले आहे, त्याला चोराने स्वतःच्या हाताने शिक्षा ओढवून घेतल्याची गोष्ट गोड लागणारच, आणि तीत पोलीस ठाण्याच्या चकराही नाहीत.

आता कायद्याविषयी. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू असून तिच्या कलम ३०३ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी होय. वस्तू मौल्यवान असावी, अशी अट त्यात नाही. त्यामुळे पिशवी आणि पव्वा चोरीच्या व्याख्येत बसतात. चोराचा वकील कलम ३३ पुढे करील, कारण सर्वसाधारण समजूतदार माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही, अशी क्षुल्लक हानी त्या कलमानुसार गुन्हा ठरत नाही. तरीही दोष सिद्ध झालाच, तर मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असल्यास आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेला असल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा होते. मात्र त्यासाठी चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत करावी लागते. घोट घेऊन झाल्यावर हा माल कसा परत करावा, याविषयी कलम ३०३ मौन बाळगून आहे.