पाकोळ्या खाली आल्या म्हणजे पाऊस येणारच का?

मागच्या अंकात पक्ष्यांबद्दल काहीही विचारा असं लिहिलं होतं. जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे निघाले, पक्षी काहीतरी वेगळं वागले आणि मग हवा बदलली. त्यामुळे यावेळी फक्त तेच घेतोय. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, रुसू नका.

प्रश्न : समोरच्या मैदानावर रोज संध्याकाळी पाकोळ्या खूप उंच उडतात. परवा मात्र गवताला पोट घासेल इतक्या खाली आल्या होत्या, आणि तासाभरात धो धो पाऊस. त्यांना आधी कळलं असेल का?

त्यांना पावसाचं कळलं असं म्हणण्यापेक्षा जेवण कुठे गेलं ते कळलं. पाकोळी उडता उडता हवेतलेच किडे खाते, म्हणजे किडे जिथे तिथे ती. ऊन असलं की जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि तिच्याबरोबर चिलटं, माश्या, बारीक भुंगेरे सगळे वर जातात, म्हणून कोरड्या दिवशी तुम्हाला पाकोळ्या ठिपक्याएवढ्या दिसतात. आभाळ भरून आलं, ऊन गेलं, की हे वर जाणं थांबतं, किडे खाली राहतात आणि पाकोळ्याही खाली येतात. पण हेच ढगाळ आणि गार दिवशी पाऊस अजिबात नसतानाही होतं, दिवसभर त्या खालीच उडतात आणि एक थेंब पडत नाही, तो दिवस मात्र आपण विसरून जातो.

आणि गंमत म्हणजे वादळी पाऊस असेल तर उलटंही होतं. मी एकदा तळ्याकाठी बसलो होतो, पाकोळ्या पाण्यावरून चोच उघडी ठेवून एक सरळ रेघ मारत जायच्या, पाणी प्यायच्या, परत वळायच्या. तेवढ्यात ढगाच्या बाजूने गार वारा सुटला, आधी पलीकडचं गवत झोपलं, मग पाण्यावर सुरकुत्या आल्या, आणि मी वर बघेपर्यंत तळ्यावर एकही पाकोळी नव्हती, सगळ्या ढगाच्या काळ्या कडेला उंचावर गोल फिरत होत्या. ढगातून खाली आदळणारी गार हवा जमिनीलगत पसरते आणि पुढची गरम हवा वर ढकलते, तिच्याबरोबर किडेही वर, मग वरच जेवण. त्यामुळे पाकोळ्या खाली की वर एवढंच बघू नका, त्या आपली जागा कधी आणि किती पटकन बदलतात ते बघा, खरी बातमी त्यात असते.

प्रश्न : गच्चीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवतो. काही दिवशी सकाळी सकाळी चिमण्या अशा तुटून पडतात की दोन दिवस उपाशी असाव्यात, आणि संध्याकाळपर्यंत हवा बिघडते. दोनचारदा झालंय. योगायोग की काय?

दोनचारदा म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ असू शकते, पण तुमचा संशय अगदीच हवेत नाहीये. कॅनडात काही संशोधकांनी पांढऱ्या गळ्याच्या चिमण्या (आपल्या घरचिमणीपेक्षा वेगळा पक्षी) एका बंद यंत्रात ठेवून आतला हवेचा दाब कमीजास्त करून पाहिला, 2013 मध्ये ते छापून आलं. ना ढग, ना वारा, ना पाऊस, फक्त दाब कमी केला, तर सकाळी दिवा लागल्यावर त्या नेहमीपेक्षा लवकर खायला गेल्या. म्हणजे दाब उतरला की आधी पोट भरून घ्या, पुढे बाहेर पडता येईल न येईल. एवढ्याशा पक्ष्याला वादळात एक दिवस उपास घडला तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे त्याचं हे वागणं आपल्या रेशन भरून ठेवण्यासारखंच आहे.

दाब कळतो कसा? कबुतरांवर 1974 मध्ये प्रयोग झाले होते, त्यात दिसलं की दहा मीटर वर किंवा खाली गेल्यावर दाबात जेवढा फरक पडतो तेवढा, किंवा त्याहूनही कमी, त्यांना जाणवतो. दहा मीटर म्हणजे साधारण तीन मजले. तुमच्या मोबाइलमध्ये बॅरोमीटर असेल (बऱ्याच फोनमध्ये असतो, फक्त अ‍ॅप लागतं) तर जिन्याने तीन मजले चढून बघा, आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरेल. समुद्रसपाटीला एकूण दाब सरासरी 1013, त्यातला एक! आपल्याला कानात काही सुद्धा कळत नाही आणि कबुतराला कळतं. पक्ष्यांच्या मधल्या कानात एक छोटासा अवयव असतो, 1911 मध्ये व्हिताली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, दाब ओळखायचं काम तोच करत असावा असा अंदाज आहे.

आता तुमच्याकडचं. एक वही ठेवा आणि चिमण्या तुटून पडल्या तो प्रत्येक दिवस लिहा, पण नंतर पाऊस आला नाही तोही लिहा. दुसरं लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. मला पण.

प्रश्न : टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरात आणि कावळ्याने शेंड्याला घरटं केलं तर पाऊस कमी, असं आजोबा सांगायचे. यात किती तथ्य?

आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, यावर मी भरवसा ठेवणार नाही. हवेचा दाब, वारा, गारवा ह्या आत्ताच्या गोष्टी आहेत, त्या पक्ष्याला जाणवतात आणि त्यातून पुढच्या काही तासांचा सुगावा लागू शकतो. पण घरटं बांधतानाच्या दिवशी पुढच्या तीन-चार महिन्यांच्या पावसाची खूण हवेत नसतेच, मग पक्षी वाचणार काय?

टिटवी घरटं असं करतच नाही, खडेमाती उकरून उथळ खळगा करते, त्यात बहुतेक चार अंडी, आणि ती इतकी खड्यांसारखी दिसतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तिला हवी असते मोकळी, खडीची, चहूबाजूंनी दिसणारी जागा. अशी जागा जमिनीवर उरली नाही की ती सपाट गच्चीवर जाते आणि मग आपण म्हणतो यंदा पूर येणार. कावळा कुठल्या झाडाला मजबूत बेचकं आहे, आडोसा किती, खालून कोण त्रास देतं हे बघतो. मागच्या वर्षी ज्या झाडावरची पिल्लं कोणी पळवली ते झाड यंदा टाळलं तर त्यात पावसाचा काय संबंध.

प्रश्न : आणि चातक? तो तरी पाऊस घेऊन येतो ना?

पाऊस त्याला घेऊन येतो असं म्हणा हवं तर! उत्तर आणि मध्य भारतात दिसणारे चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या जोडीने येतात, मागून वारा असेल तर समुद्र ओलांडायला ताकद कमी लागते. दक्षिणेत मात्र चातकांची एक जात वर्षभर असते, तिथे चातक दिसला म्हणून पाऊस आला असं म्हणताच येत नाही. येतात ते येतात वीण करायला, अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतात, आणि पावसात सुरवंट भरपूर असतात. फक्त पावसाचे थेंब पितो वगैरे कवितेत ठीक आहे. तरी या सगळ्या यादीत मला भरवशाचा हाच वाटतो, कारण ज्या वाऱ्यावर तो येतो त्याच वाऱ्यावर ढग येतात.

प्रश्न : चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येतो म्हणतात?

पिसांतला जादा तेलकटपणा आणि बारीक जीव काढायला लोळतात. धूळ कोरडी असते तेव्हाच लोळता येतं आणि कोरडेपणानंतर कधीतरी पाऊस येतोच. संपलं.

प्रश्न : टॉर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत टेकणारं चक्री वादळ) यायच्या आधी एक दिवस काही पक्षी शेकडो किलोमीटर लांब पळून गेले असं वाचलं. खरं आहे की फॉरवर्ड?

फॉरवर्ड नाहीये, पण फॉरवर्डमध्ये अर्धीच गोष्ट येते. अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरात सोनेरी पंखांचे वॉर्ब्लर असतात, वजन जेमतेम नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे दोन नाण्यांएवढं. 2013 मध्ये संशोधकांनी त्यांच्यापैकी वीस जणांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली होती, हेतू एवढाच की इतकंसं वजन घेऊन पक्षी स्थलांतर करू शकतो का बघायचं. पुढच्या वर्षी त्यातले पाच पुन्हा हाती लागले. यंत्रातली माहिती पाहिली तर एप्रिल 2014 च्या शेवटी, नुकतेच घरी पोचलेले हे पक्षी अचानक निघून गेले होते, मागून तिथे टॉर्नेडोंची मोठी लाट आली ज्यात 35 माणसं गेली, आणि ती सरल्यावर हे परत. जाऊन येऊन सुमारे 1500 किलोमीटर. निघाले तेव्हा वादळ अजून 400 ते 900 किलोमीटर लांब होतं आणि त्यांच्या जागेवरचा दाब, वारा, तापमान सगळं नेहमीसारखं.

मग कळलं कसं? संशोधकांचा अंदाज असा की त्यांनी वादळ ऐकलं. अशी वादळं फार खालच्या पट्टीचा आवाज काढतात, आपले कान 20 हर्ट्झच्या (सेकंदाला वीस कंपनं) खाली बंद, पण तो आवाज शेकडो किलोमीटर जातो. आणि कबुतरांना 0.05 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं हे 1979 मध्येच प्रयोगात दिसलेलं आहे, त्यामुळे कल्पना अगदी अशक्य नाही.

आता उरलेली अर्धी. त्या यंत्रात जीपीएस नव्हतं, ते फक्त उजेड मोजतं, दिवस कधी उगवला कधी मावळला यावरून जागा काढायची. दाट ढग आले किंवा पक्षी झुडपात बसला तरी हिशोब चुकतो आणि शंभर-दोनशे किलोमीटरचा फरक सहज पडू शकतो. 2018 मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी, मूळ संशोधन ज्या नियतकालिकात छापलं होतं त्यातच, हाच आक्षेप घेतला, की पक्षी खरंच गेले की ढगांमुळे गेल्यासारखे दिसले? मूळ संशोधक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मला स्वतःला ही गोष्ट खरी असावी असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच पाच पक्ष्यांवर ती उभी आहे हे मी स्वतःला आठवण करून देत असतो.

प्रश्न : मोठ्या वादळानंतर दुसऱ्या दिवशी अंगणात समुद्रावरचा एक काळपट पक्षी बसलेला सापडला. समुद्र इथून खूप लांब आहे. तो वादळाला घाबरून आधीच पळून आला होता का?

बहुतेक उलट झालं असणार, वादळानेच उचलून आणून टाकला. खुल्या समुद्रावरचे पक्षी वादळात अडकले की वाऱ्याबरोबर ढकलले जातात आणि कधीकधी किनाऱ्यापासून फार आत सापडतात. त्यांना जमिनीवर यायचं नसतंच. जपानजवळच्या शिअरवॉटर नावाच्या समुद्री पक्ष्यांच्या अकरा वर्षांच्या नोंदी 2022 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यात काही पक्षी जमीन आणि तुफान यांच्यामध्ये सापडल्यावर चक्क तुफानाच्या डोळ्याच्या, म्हणजे मधोमधच्या शांत भागाच्या दिशेने उडताना दिसले. ऐकायला वेडेपणा, पण बाहेरच्या कडेला थांबले असते तर जोराच्या वाऱ्याने त्यांना जमिनीवर नेऊन आपटलं असतं.

पुन्हा असा पक्षी सापडला तर हवेत फेकून उडवायचा प्रयत्न करू नका, यांच्यातल्या बऱ्याच जणांना सपाट जमिनीवरून उडताच येत नाही आणि हा तर दमलेलाही असतो. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. जाड टॉवेल टाकून धरा, चोचीपासून डोळे सांभाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात शांत ठेवा आणि लगेच वन विभागाला किंवा जवळच्या प्राणीमित्रांना फोन करा. आणि खोक्याला भोकं पाडा, पण पक्षी आत ठेवायच्या आधी.