वाचकांचे प्रश्न : मसल कारचा नंबर कुठे असतो, काय सांगतो

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला दसरा चौकात उभे राहणाऱ्या कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचे वेड सांगायला नको. या महिन्यात पाच पत्रे आली ती १९६०-७०च्या अमेरिकन मसल कारवर (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्या) आणि त्यांच्या नंबरांवर; म्हणजे नंबर प्लेटवरचा नव्हे, कारखान्याने गाडीवर दिलेला ओळख-नंबर.

उत्तरांआधी दोन गोष्टी. अमेरिकन कागदांत ‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे गाडीची डावी बाजू. आपल्या सवयीने उजवीकडे टॉर्च मारत बसलात तर नंबर सापडणार नाही. खाली डावे-उजवे लिहिले आहे ते गाडीत बसून समोर बघतानाचे. दुसरे म्हणजे, सतरा अक्षरांचा नंबर १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. त्यामुळे १९७०च्या गाडीचा नंबर टाकल्यावर वेबसाइट ‘चुकीचा नंबर’ म्हणाली, तर लगेच घाबरू नका.

प्रश्न : १९६९ची शेवरोले कमारो घ्यायचे चालले आहे. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर नंबर १२४३७९एन५ असा सुरू होतो. विकणारे ‘झेड-२८ आहे’ म्हणतात. नंबरावरून कळेल का? (राजारामपुरी)

नंबरावरून झेड-२८ (कमारोचे ३०२ घनइंची इंजिनाचे खास पॅकेज) कळत नाही. आधी नंबर वाचू. पहिला १ शेवरोलेचा. २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कमारो. सहा सिलिंडरची असती तर तिथे २३ असते. ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची), ६७ असते तर कन्व्हर्टिबल (छत उघडणारी). पुढचा ९ हा १९६९चा. एन म्हणजे ओहायोतला नॉरवूड कारखाना. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या गाडीवर एल असतो. उरलेले सहा आकडे अनुक्रमांक. एसएस, आरएस, झेड-२८ ही पॅकेजे होती आणि या नंबरात पॅकेजला जागाच नाही. तुमचा नंबर एवढेच सांगतो की गाडी जन्मापासून व्ही-८ हार्डटॉप आहे. झेड-२८ असायला ते लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही.

पट्टी डॅशबोर्डवर डावीकडे, काचेतून दिसेल अशी असते. ही जागा १९६८पासूनची; १९६७च्या कमारोत पट्टी डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. रिव्हेट नीट बघा. कारखान्याच्या रिव्हेटचे डोके फुलासारखे, सहा पाकळ्यांचे असते. साधी पॉप रिव्हेट, स्क्रू किंवा कडेला गोंद दिसला तर पट्टी कधीतरी निघालेली आहे.

मग बोनेट उघडून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) डावीकडे वरची छोटी पत्र्याची पट्टी वाचा. तिला काउल टॅग म्हणतात. त्यावर बॉडी बनल्याचा महिना-आठवडा (०२बी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा), आतल्या सजावटीचा कोड (७११ म्हणजे काळे साधे व्हिनाइल) आणि रंगाचा कोड (७२ म्हणजे हगर ऑरेंज) मिळतो. नॉरवूडच्या बऱ्याच ६९ गाड्यांवर एक्सने सुरू होणारा कोडही असतो; एक्स३३ आणि एक्स७७ हे दोन झेड-२८चे. या टॅगवर शेवटी ‘बीडीवाय’ असलेला एक आकडा येतो. तो डॅशबोर्डवरच्या अनुक्रमांकाशी जुळत नाही म्हणून लोक सौदा मोडतात. तो फिशर बॉडी या बॉडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा क्रमांक आहे, जुळणे अपेक्षितच नाही.

बॉडीवर मूळ नंबराचा शेवटचा भाग आणखी दोन जागी ठोकलेला असतो: वायपरखालच्या जाळीच्या पत्र्याखाली, आणि फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे. जाळी चार-पाच स्क्रूंत निघते. हीटरचा डबा काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण एवढ्या पैशांच्या सौद्यात ते करून घ्याच. गाडी उजव्या स्टिअरिंगची केलेली असेल तर नेमक्या त्याच भागात ब्रेकसाठी फायरवॉल कापलेली असू शकते. मग काय कापले याचे फोटो मागा.

प्रश्न : आमची फाउंड्री आहे. मित्राच्या कमारोच्या ब्लॉकवर मागे ३९७००१० हा उठावाचा नंबर आहे. ‘कास्टिंग नंबर जुळतो, म्हणजे इंजिन मूळचे’ असे तो म्हणतो. हे पटत नाही. (शिरोली)

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. उठावाचा नंबर पॅटर्नमधून (साचा ज्यावर करतात त्या नमुन्यातून) येतो. त्या पॅटर्नवर लाखभर ब्लॉक ओतले तरी सगळ्यांवर तोच. ३९७००१० हा ब्लॉक शेवरोलेने १९६९ ते १९७९ वापरला. ३५० घनइंचाचे इंजिनही यातच आणि १९६९च्या झेड-२८चे ३०२ही यातच. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हींचा ४.०० इंच, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या हालचालीचा), ३०२ला ३.०० आणि ३५०ला ३.४८ इंच. म्हणजे ट्रकमधला १९७७चा ब्लॉक आणून बसवला तरी मित्राचा नंबर ‘जुळेल’.

खरे काम आहे तारखेचे. मागच्याच बाजूला, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडतो त्या भागाच्या) कडेवर, ओतकामाची तारीख उठावात असते: महिन्याचे अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. सी १२ ९ म्हणजे १२ मार्च १९६९. १९७९चा आकडाही ९च येतो, त्यामुळे ही तारीख एकटीने निकाल देत नाही.

निकाल देतो तो ठोकलेला पंच. तो ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या अगदी खाली असलेल्या सपाट पट्टीवर असतो. १९६९पासून ऑल्टरनेटर उजवीकडे आला, त्यामुळे तो पट्टी झाकतो. एक बोल्ट सैल करून बाजूला घ्या. तिथे व्ही०३२१डीझेड असे दिसले तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३२१ म्हणजे २१ मार्चला इंजिन जुळवले, आणि डीझेड हा १९६९च्या झेड-२८च्या ३०२चा कोड. शेजारी, नाहीतर ऑइल फिल्टरच्या वर, १९एन आणि सहा आकडे असा दुसरा पंच असतो. तो डॅशबोर्डवरच्या अनुक्रमांकाशी जुळला तरच इंजिन त्या गाडीचे. गिअरबॉक्सच्या केसवरही हाच पंच शोधा.

आता तारखा ओळीत लावा. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळले, मग गाडी बनली. ओतकाम २० मार्चचे आणि इंजिन १० मार्चचे असेल तर कुणीतरी पंच नंतर ठोकला आहे. ओतकाम ते गाडी यांत काही आठवड्यांचे अंतर साधारण असते.

उद्यमनगरातल्या मशीनशॉपवाल्यांना एक कळकळीची विनंती. शेवरोलेच्या ब्लॉकची ही पट्टी डेकच्याच पातळीत आहे. हेड बसण्याची जागा सपाट करायला ब्लॉक सरफेस ग्राइंडरवर घेतला की पाच-सात थाऊत (इंचाच्या हजाराव्या भागात) पंच पुसट होतो, आणखी घेतला तर जातोच. वर्कशॉपचा यात दोष नसतो, त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. ब्लॉक देतानाच पट्टी वाचवायला सांगा, आणि त्याआधी फोटो व पेन्सिल प्रिंट घ्या. कारखान्यात ही बाजू ब्रोचिंगने (दात्यांचे हत्यार सरळ ओढून) काढलेली असते, म्हणून मूळ पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या सरळ बारीक रेषा दिसतात. गोलगोल ग्राइंडिंगच्या खुणांवर स्वच्छ, खोल अक्षरे दिसली की हा पंच नंतरचा समजा. भिंगातून बघितले तर फाउंड्रीवाल्या माणसाला हे मिनिटात कळेल.

प्रश्न : १९६६ची फोर्ड मस्टँग आहे. दाराच्या कडेच्या पट्टीवर नंबर आहे, पण चासीवर नंबर दाखवा असे तपासणीत सांगितले. डॅशबोर्डवर काही नाही. (ताराबाई पार्क)

१९६६ला डॅशबोर्डवर नसतोच. बोनेट उघडा, डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याची वरची कड बघा. मडगार्डला तिथे मुद्दाम खाच ठेवली आहे, त्यातून नंबर दिसतो. त्याच पत्र्यावर मडगार्डखाली झाकलेला दुसरा आणि उजव्या बाजूला तिसरा असतो; हे मडगार्ड सोडवल्यावरच वाचता येतात.

६एफ०७सी असा असेल तर १९६६, डिअरबॉर्न कारखाना (आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मटचन), हार्डटॉप (०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक म्हणजे मागे उतरत्या छताची), आणि २८९ घनइंचाचे दोन बॅरल कार्ब्युरेटरचे इंजिन. ए म्हणजे चार बॅरल. के म्हणजे २७१ अश्वशक्तीचे २८९, आणि किमतीत सगळा फरक याच अक्षराचा. म्हणून दाराच्या पट्टीवर के आणि आतल्या पत्र्यावर सी असेल तर पत्र्यावर विश्वास ठेवा. दार बदलता येते आणि नवी पट्टी बाजारात छापून मिळते.

प्रश्न : १९७०ची प्लायमाउथ कुडा. आरसीवर नंबर बीएस२३व्हीओबी असा आहे, पट्टीवर मात्र ओच्या जागी शून्य वाटते. विमा अडकला आहे. (इचलकरंजी)

ते शून्यच आहे. बी म्हणजे बॅराकुडा, एस तिचा वरचा वर्ग, २३ दोन दारांची हार्डटॉप, व्ही म्हणजे तीन दोन-बॅरल कार्ब्युरेटरचे ४४० घनइंची इंजिन, मग वर्षाचा आकडा, मग बी म्हणजे हॅमट्रॅमिक कारखाना. वर्षाच्या जागी अक्षर येऊ शकत नाही. ० म्हणजे १९७०. कागदावरून संगणकात नोंद करताना ओ-०, एस-५, बी-८ यांची अदलाबदल नेहमी होते. डॅशबोर्डवरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो, बॉडीवरच्या पंचाचे पेन्सिल प्रिंट आणि जुने मूळ पुस्तक जोडून आरटीओकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करा. विमा त्यानंतरच घ्या. चुकीच्या नंबरावर काढलेला विमा दाव्याच्या वेळी तोच वाद पुन्हा उभा करतो.

अनुक्रमांकाचा पंच रेडिएटर धरणाऱ्या वरच्या आडव्या पट्टीवर आणि काउलवर (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर) शोधा. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर फेंडर टॅग (कोड ठोकलेली छोटी पट्टी) असेल तर तो खालच्या ओळीपासून वर वाचायचा. सर्वांत खाली ई८७ दिसले तर ते याच ४४०चे, डी२१ म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स. क्रायस्लरच्या गाड्यांत (प्लायमाउथ त्यांचीच) इंजिनाचे अक्षर वर्षागणिक बदलते: एच म्हणजे १९६६ला ४२६ हेमी, १९६९ला ३८३ आणि १९७०ला ३४०. वर्षाचा आकडा आधी वाचा, मगच इंजिनाचा कोड.

प्रश्न : पॉन्टिॲक जीटीओ, १९६५. नंबर २३७ने सुरू. चासीवरचा नंबर गंजला आहे, तो परत पंच करून घेऊ का? नोंदणी नव्याने करायची आहे. (गडहिंग्लज)

आधी जीटीओचे. १९६४ आणि १९६५ला जीटीओ हे ले मान्स या मॉडेलवरचे पॅकेज होते, त्यामुळे १९६५चा २३७ ले मान्सलाही आहे आणि जीटीओलाही. स्वतंत्र २४२ हा क्रमांक १९६६पासून. इंजिनाच्या पुढच्या भागावर उजव्या हेडखाली दोन अक्षरे बघा: डब्ल्यूटी आणि वायएस एका चार-बॅरलचे, डब्ल्यूएस आणि वायआर तीन कार्ब्युरेटरचे. कागदी पुरावा हवा तर पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मिळते.

परत पंच स्वतःहून अजिबात करू नका. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय नंबर ठोकणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, आणि हेतू कितीही चांगला असला तरी गाडी चोरीच्या संशयात अडकते. शिवाय बहुतेक वेळा नंबर गेलेला नसतो, झाकलेला असतो. जागेवर रॉकेल लावून रात्रभर ठेवा. रंग असेल तर पेंट रिमूव्हर पंधरा-वीस मिनिटे ठेवून नायलॉन ब्रशने काढा. ग्राइंडर, ड्रिलवरचा वायर ब्रश आणि जाड काचपेपर यांना हात लावू नका. पंचाची खोली मिलिमीटरचा काही अंश असते. जागा कोरडी करून अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. खडूची पूड चोळून वरची पुसली की अक्षरात पांढरे राहते. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. काम झाल्यावर ग्रीसचा हात द्या, नाहीतर एका पावसाळ्यात पुन्हा तेच.

नोंदणीसाठी : जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेत नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंतर ५,००० रुपये. फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), विमा, बाहेरून आणलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद), आणि आधी भारतात नोंद असेल तर जुनी आरसी लागते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि पेन्सिल प्रिंट स्पष्ट आले तर परत पंचिंगची गरजच पडणार नाही.