बाबा रात्री ऑनलाइन लढाईच्या गप्पा मारतात आणि रडतात, थांबवू का?

2021 चा जून, दुसरी लाट जरा ओसरायला लागली होती तेव्हा कोल्हापूरहून एका सुनेचा फोन आला. सासरे 84 वर्षांचे, हायस्कूलमधून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. लॉकडाऊनमध्ये नातवाने टॅब हातात दिला आणि जुन्या कोल्हापूरचे फोटो बघता बघता इंग्लंडमधल्या एका पोलिश आजींशी ओळख झाली. आता रोज रात्री साडेनऊ वाजले की (तिकडे संध्याकाळचे पाच) दोघं टाइप करत बसतात, कधी व्हिडिओ कॉल. "मॅडम, आधी वाटलं चला वेळ जातोय, पण काल पाणी प्यायला उठले तर बाबा टॅबसमोर बसून रडत होते हो, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा असे रडले नव्हते. लढाई, थंडी, मेलेली माणसं, या वयात हे सगळं उकरून काढायचं कशाला? वायफाय बंद करू का?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आजोबांना विचारूनच लिहितेय.)

हा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून येतो, कधी फाळणीवरून तर कधी 71 च्या ब्लॅकआउटवरून. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं विचारलं ते पैशाचं, कारण एकट्या म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून फसवणारे खूप आहेत. पैसे, ओटीपी, गिफ्टचं पार्सल, काही मागितलंय का? नाही, वर्षभरात एकदाही नाही. मग म्हणलं वायफाय राहू दे, मला आजोबांशी बोलू दे.

आजोबा म्हणाले, "आम्ही लढाईचं कुठं बोलतो? आम्ही हवेचं बोलतो." आणि खरंच, त्यांनी वाचून दाखवलेले मेसेज सगळे हवामानाचे. आज इकडे झड लागलीय, तुमच्याकडे ऊन आहे का. वळिवाचा वास आठवतो का. आता या आजींना वळीव कसा माहीत, तर त्या 1943 मध्ये सात वर्षांच्या असताना वळिवड्याच्या कॅम्पात आल्या होत्या. कोल्हापूरकरांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, 1943 ते 1948 कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धात रशियाने 1940-41 मध्ये त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेलं, 1941 मध्ये सुटका झाली, मग मध्य आशिया, इराण, कराची असं करत ही माणसं इथे पोचली. वाटेत टायफसने किती मुलं गेली. त्यांची शाळा, त्यांचं चर्च सगळं तिथे होतं, आणि ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे, वडिलांबरोबर बैलगाडीतून कॅम्पात भाजी घालायला जायचे.

आजींनी लिहिलेला एक मेसेज मी दोनदा वाचून घेतला. 'पहिल्या उन्हाळ्यात आई अंगणात अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, तीन वर्षांनी पाय गरम झाले. धाकटा भाऊ उझबेकिस्तानातच राहिला. तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?'

बघा, भाऊ गेल्याचं एक वाक्य आणि लगेच पाऊस. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला वाटतं म्हातारी माणसं हवापाण्याच्या रिकाम्या गप्पा मारतात, पण हवा हा त्यांचा उंबरा असतो, त्याच्यावर उभं राहून ती आत डोकावतात आणि झेपेनासं झालं की परत उंबऱ्यावर येतात. किती आत जायचं ते त्यांचं त्यांना बरोबर कळतं.

मग मी विचारलं, त्या रात्री काय झालं होतं. बराच वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाले, माझा धाकटा चुलता मराठा लाइट इन्फंट्रीत होता, इटलीत गेला तो आलाच नाही, तार आली. तार यायच्या आधी थंडीच्या दिवसांत माझ्या आजीला कुणीतरी सांगितलं की तिकडे बर्फ पडतं, त्या दिवसापासून आजीने घोंगडं घेणं सोडलं. पोरगं तिकडे गारठ्यात आहे, मी ऊब कशी घेऊ. "मी तिच्या कुशीत झोपायचो. तिचे गार पाय माझ्या पायाला लागायचे. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही." पोलिश आजींचे वडीलही इटलीतच होते, पोलिश सैन्यात, मे 1944 च्या माँते कासिनोच्या लढाईत, ते वाचले. म्हणून आजींना इटली माहीत. सांग्रो नदीजवळच्या युद्ध दफनभूमीत दहन केलेल्या 500 हून जास्त भारतीय सैनिकांची नावं आहेत, युद्धकबरींच्या ऑनलाइन यादीत शोधून त्यांनी चुलत्याचं नाव पाठवलं होतं. 77 वर्षांनी घरच्या माणसाचं नाव समोर आलं. माणूस रडणार नाही तर काय करेल?

सुनेला मी सांगितलं, हे रडणं आजार नाही. म्हातारपणी मागचं आठवत बसणं म्हणजे डोकं उतरणीला लागलं असंच पूर्वी डॉक्टरही धरून चालायचे, 1963 मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने ठामपणे मांडलं की आयुष्याचा असा आढावा घेणं हे त्या वयाचं स्वाभाविक कामच आहे. तुम्ही फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ बघा. झोप लागली का, चहा नाष्टा नेहमीसारखा आहे का, गोष्ट पुढे सरकतेय का. तेच एक दृश्य मनात नसतानाही पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतंय, दचकून जाग येते, घाम सुटतो, जेवण तुटलंय, माणसं नकोशी झालीत, असं असेल तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि पोलिसासारखं खोदून विचारूही नका, जवळ बसा बस. आजोबांच्या बाबतीत सून स्वतःच म्हणाली, "अहो, सकाळी उठून शेंगदाण्याची चटणी मागितली त्यांनी, कितीतरी महिन्यांनी."

एक गोष्ट मात्र करायला लावली. घोंगड्याची गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती, ती आजोबांनी नातवाला सांगायची. लगेच नाही जमलं, पंधरा दिवस लागले. नातू चौदा वर्षांचा, ऐकून काही बोलला नाही, रात्री स्वतःची रजई आजोबांच्या पायावर टाकून गेला.

जुलैच्या शेवटी कोल्हापुरात महापूर आला, पंचगंगा गावात शिरली, यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी. दोन दिवस लाइट नाही, टॅब बंद. लाइट आल्यावर उघडला तर आजींचे अकरा मेसेज पडलेले. शेवटच्यात एवढंच होतं, 'पाय कोरडे आहेत ना?'