लिनक्समध्ये एसडीबी, ग्रबमध्ये एचडी०, विंडोजमध्ये डिस्क १. ग्रब टाकायचा कुठे?

तुम्ही विचारलंय की बाहेरची एसएसडी लिनक्समध्ये एसडीबी दिसते, तिच्यावरून बूट केलं की ग्रब (कंप्युटर चालू झाल्यावर लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) तिलाच एचडी० म्हणतो आणि विंडोजमध्ये ती डिस्क १ असते, मग ग्रब टाकताना नाव कुठलं द्यायचं आणि आतलं विंडोज उडणार तर नाही ना. एंटर मारायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत.

दादर स्टेशन आठवा. डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे वेस्टर्नलाही एक नंबर प्लॅटफॉर्म होता आणि सेंट्रललाही, पुलावर कोणाला विचारलं की तो आधी म्हणणार, कुठल्या साइडचा? मग सेंट्रलचे ८ ते १४ केले आणि तो घोळ मिटला. डिस्कच्या नंबरांचं तसं कोणी केलेलं नाही, प्रत्येक सिस्टिम आपापलं मोजते. लिनक्स साटा (आतल्या डिस्कची जोडणी) आणि यूएसबी दोन्हीला सापडतील तसं एसडीए, एसडीबी देतं, फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये साटाची एडीए० तर यूएसबीची डीए०, मॅकवर डिस्क०, डिस्क१, आणि विंडोजमध्ये आतून फिजिकलड्राइव्ह०. ग्रब सुरू होतो तेव्हा यातली एकही सिस्टिम जागी नसते, त्याला फक्त फर्मवेअर (मदरबोर्डवरचा जुना बायोस किंवा नवा यूईएफआय) दाखवेल तोच क्रम दिसतो, जुन्या बायोसमध्ये तर ज्या हार्ड डिस्कवरून बूट केलं तीच बहुतेक वेळा पहिली होते, म्हणून एचडी०. त्यात परत ग्रब २ डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन (डिस्कचे भाग) एकपासून, जुना ग्रब दोन्ही शून्यापासून मोजायचा, त्यामुळे जुन्या लेखातला आकडा तसाच उचलला की शेजारचं पार्टिशन लागतं.

ग्रब इन्स्टॉल करणाऱ्या टूलची खरी अडचण हीच आहे, ते चालतं लिनक्समध्ये पण लिहायचं असतं लिनक्स सुरू व्हायच्या आधीसाठी. पूर्वी डिव्हाइस मॅप नावाच्या फाइलमध्ये एचडी० म्हणजे एसडीए असा अंदाज लिहून ठेवायचे, बायोसमध्ये क्रम बदलला की तो चुकायचा. आता ग्रब फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) शोधतो, तो डिस्कवरच लिहिलेला असल्यामुळे पोर्ट बदलला तरी बदलत नाही.

लिहू देण्याच्या बाबतीतही प्रत्येकाचे नियम वेगळे. फ्रीबीएसडी माउंट असलेल्या (म्हणजे वापरासाठी जोडलेल्या) डिस्कवर थेट लिहूच देत नाही, मॅक आधी अनमाउंट करायला लावतो, विंडोज व्हिस्टापासून चालू व्हॉल्यूमच्या जागेत थेट लिहायला अडवतं. लिनक्स मात्र रूटला (सगळे अधिकार असलेल्या युजरला) काही विचारत नाही. गिरगावात मामाकडे मी एकदा पेन ड्राइव्हवर इमेज लिहीत होतो, आदल्या दिवशी ती एसडीबी होती, त्या दिवशी मामाची हार्ड डिस्क आधी लावलेली होती, मी हिस्टरीतली कमांड तशीच चालवली. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो गेले ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी नावावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून आधी एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये साइज, मॉडेल, सिरियल हे कॉलम मागवून बघा. लॅमिंग्टन रोडवरून घेतली असेल तर बॉक्सवरचा सिरियल जुळवा, पण एसएसडी वेगळ्या केसमध्ये घातली असेल तर कधीकधी केसच्या चिपचा नंबर येतो, मग साइजवरून ओळखा.

आता तुमचा लॅपटॉप यूईएफआयवर असेल तर ग्रब-इन्स्टॉल कमांडला एसडीबी द्या नाहीतर एसडीए, काही फरक पडत नाही, बूट-ईएफआय फोल्डरवर जे पार्टिशन माउंट आहे तिथेच तो जातो! ते आतल्या डिस्कचं असेल तर विंडोज पुसलं जाणार नाही, पण एसएसडी काढली की लॅपटॉप ग्रबच्या प्रॉम्प्टवर अडकेल आणि विंडोज बूट मेन्यूतून निवडावं लागेल. त्यामुळे एसएसडीवरच फॅट३२ चं वेगळं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींसाठीचं) करा, ते माउंट करा आणि ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल ऑप्शन लावा, मग ती दुसऱ्या मशीनवरही बूट होते (सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच बूट प्रोग्राम चालू देणारी सेटिंग, चालू असेल तर तेवढं वेगळं बघावं लागेल).

जुनं बायोस असेल तर मात्र नावालाच महत्त्व आहे, तिथे पार्टिशन नाही, अख्खी डिस्क द्यायची, एसडीबी१ नाही तर एसडीबी, आणि डिस्कवर जीपीटी (पार्टिशनची यादी ठेवायची नवी पद्धत) असेल तर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन आधी करून ठेवा. आतली डिस्क स्क्रू काढून बाजूला ठेवता येत असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत ठेवाच.