साठीनंतरचा एमएस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचा आजार) होऊन २६ वर्षं झाली. वॉकर धरून घरात फिरायची. तीन दिवसांपासून पायच उचलत नाहीत, थोडी गोंधळल्यासारखीही बोलते. पूर्वी अटॅक आला की स्टेरॉइडचं सलाइन लावायचे. आत्ताही तेच करून घ्यावं का?

उत्तर : आधी लघवी तपासून घ्या, तीही आजच. स्टेरॉइडचं नंतर बघू. एमएसचे खरे अटॅक वयाबरोबर कमी होत जातात, सत्तरीत तर ते विरळाच. या वयात पाय एकाएकी बसले की बहुतेक वेळा लघवीचं इन्फेक्शन, छातीतला कफ, बद्धकोष्ठ किंवा नवी सुरू केलेली एखादी गोळी कारण निघते. चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन जिथे झिजलंय तिथून संदेश कसाबसा पुढे सरकत असतो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो आणि वीस वर्षांपूर्वीचा दुबळेपणा पुन्हा वर येतो. नवी इजा झालेलीच नसते. खरा अटॅक म्हणायचा तर त्रास २४ तासांहून जास्त टिकायला हवा आणि त्याच वेळी ताप किंवा इन्फेक्शन नसायला हवं. तुमच्या आईच्या बाबतीत पहिली अट पुरी झाली आहे, दुसरी अजून कोणी पाहिलेली दिसत नाही.

थर्मामीटर नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वयस्क माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, नुसता गोंधळ आणि गळालेले पाय एवढंच दिसू शकतं. लघवीचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, आणि रूटीनबरोबर कल्चरही (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) सांगायचं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी असेल तर पिशवीतली लघवी देऊ नका. ती तासन्‌तास साठलेली असते, जंतू तिच्यातच वाढतात. जुना कॅथेटर बदलून नव्यातून घेतलेला नमुना सगळ्यात भरवशाचा. उलट बाजूही लक्षात ठेवा : कॅथेटर वापरणाऱ्यांच्या कल्चरमध्ये जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. काही त्रास नसताना निव्वळ रिपोर्ट पाहून औषध घेत बसू नये.

रक्तात हिमोग्राम, सोडियम, शुगर बघा. आईला कुशीवर वळवून माकडहाड आणि टाचा तपासा. संवेदना कमी असते तिथे दाबाने पडलेली जखम दुखत नाही, म्हणून ती कोणी सांगतही नाही.

एक अपवाद आहे. बोलणं किंवा एक बाजू काही मिनिटांत गेली असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर लघवीच्या रिपोर्टची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा. एमएसचा त्रास तासांत-दिवसांत चढतो, पक्षाघात मिनिटांत येतो. एमएस आहे म्हणून पक्षाघात होणार नाही असं थोडंच आहे!

इन्फेक्शन असताना स्टेरॉइड दिलं तर ते आणखी भडकू शकतं. नेहमीचा डोस म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. त्याने अटॅकमधून लवकर सावरता येतं, पण पुढे जाऊन किती शक्ती परत येणार हे बदलत नाही. त्या बदल्यात शुगर आणि बीपी चढणं, झोप उडणं, भ्रम होणं हे सगळं सत्तरीतल्या शरीराला सोसावं लागतं. द्यायचंच ठरलं तर ते सकाळी द्यावं आणि शुगर रोज मोजावी.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. विस्मरण वाढलंय. घरचे म्हणतात वय झालं, डॉक्टर म्हणतात एमएस. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, रात्री पाय जळजळतात म्हणून अमिट्रिप्टिलिन, आणि झोपेसाठी सर्दीची एक गोळी चालू आहे.

उत्तर : तिसरी शक्यता तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहे. या तिन्ही गोळ्या शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिन हे एकच रसायन अडवतात, आणि स्मरणशक्तीला तेच लागतं. (सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, त्या बहुतेक याच जातीच्या असतात.) एकेक चालून जाते, तिन्ही मिळून तोंड कोरडं, पोट घट्ट आणि डोकं जड. पोट घट्ट झालं की मूत्राशयावर दाब येतो, लघवीची घाई वाढते, आणि मग कोणीतरी ऑक्सिब्युटिनिनचा डोस वाढवतं.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, यादी नको. सर्दीची गोळी यादीत कोणी लिहीत नाही. ऑक्सिब्युटिनिनऐवजी मिराबेग्रॉन चालेल का ते विचारा, त्यात बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीत मूत्राशयात किती उरते ते मोजून घ्या. १०० मिलिलिटरहून जास्त उरत असेल तर घाई थांबवणाऱ्या गोळीने ती आणखी तुंबते. तिथे दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करणं हा खरा उपाय. बी-१२ आणि थायरॉइड याच वेळी तपासा.

घरी एक गोष्ट बघता येईल. एमएसमध्ये मुख्यतः वेग मंदावतो : नाव आठवायला वेळ लागतो, पण पहिलं अक्षर सांगितलं की आठवतं. सकाळची गोष्ट आठवण करून दिल्यावरही पार पुसलेलीच असेल, तर एमएसवर ढकलू नका, स्मृतीची वेगळी तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझं वय ६३. पाय लाकडासारखे ताठ होतात. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन वाढवलं की उभं राहिल्यावर गुडघे मोडतात.

उत्तर : त्या ताठपणावरच तुम्ही उभ्या राहता. तो पूर्ण घालवायचा नाही, झोप आणि चालणं बिघडवतो तेवढाच कमी करायचा. म्हणून दिवसाचा डोस कमी आणि रात्रीचा जास्त, अशी वाटणी डॉक्टरांकडून करून घ्या. साठीनंतर सुरुवात ५ मिलिग्रॅमपासून, आणि वाढ काही दिवसांच्या अंतराने ५-५ मिलिग्रॅमचीच. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर नेहमीच्या डोसानेही गुंगी येते.

गोळी अचानक बंद करू नका. झटके येतात, भास होतात. उलट्या होत असतील किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवणार असतील तर बॅक्लोफेन चालू आहे हे आधी सांगा. ताठपणा अचानक वाढला तर डोस वाढवण्याआधी घट्ट बूट, मांसात घुसलेलं नख, तुंबलेली लघवी ही कारणं शोधा.

प्रश्न : वय ६१. सात वर्षांत अटॅक नाही, एमआरआय स्थिर आहे. एमएसचं इंजेक्शन बंद करावं का?

उत्तर : विचारण्याजोगा प्रश्न आहे, पण उत्तर औषधावर अवलंबून आहे आणि तुम्ही औषधाचं नाव लिहिलेलं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्कोएमएस’ या अमेरिकी चाचणीत ५५ वर्षांवरचे, पाच वर्षं अटॅक नसलेले २५९ जण होते. दोन वर्षांत औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांत आणि थांबवणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांत रोगाची नवी हालचाल दिसली, तीही बहुतेक एमआरआयवरचे नवे ठिपके. म्हणजे थांबवणं अगदी फुकट नाही, पण भयंकरही नाही.

हा हिशेब इंटरफेरॉन किंवा ग्लॅटिरामरसारख्या जुन्या इंजेक्शनांना लागू पडतो. नॅटॅलिझुमॅब किंवा फिंगोलिमॉडची गोष्ट वेगळी : ती नुसती बंद केली तर काही महिन्यांत रोग उसळी मारू शकतो. ऑक्रेलिझुमॅबवर असाल तर रक्तातलं आयजीजी (इन्फेक्शनशी लढणारी प्रतिद्रव्यं) किती ते विचारा. ते घसरत असेल आणि वारंवार इन्फेक्शन होत असेल तर आमचा कल थांबण्याकडे किंवा अंतर वाढवण्याकडे राहील. थांबायचं ठरलंच तर आधी एक एमआरआय, मग सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा. नागिणीच्या रिकॉम्बिनंट लशीचे दोन डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने घ्या, तिच्यात जिवंत विषाणू नसतो.

प्रश्न : उजवा पाय ओढला जातो. काठी कुठल्या हातात धरू?

उत्तर : डाव्या. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे पडला पाहिजे. नेहमीची चप्पल-बूट घालून, हात सैल सोडून उभे राहा : काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी त्याहून उंच असेल तर खांदा दुखतो, ठेंगणी असेल तर माणूस वाकून चालतो. पाऊल पुढून लोंबत असेल तर काठीने भागणार नाही, घोट्याचा स्प्लिंट लागेल. आणि काठीखालचं रबर उलटं करून पाहा, खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर ते आजच बदला.