प्रोसीजर टर्न: वळण की वळसा?

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. विमानतळ गावातच, त्यामुळे मुलं विचारत राहतात आणि सर त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहितायत. ‘प्रोसीजर टर्न’ला, म्हणजे उतरण्याआधी विमान उलट फिरवण्याच्या रीतीला, ‘कार्यपद्धती वळण’ म्हणावं का? आणि उतरण्याच्या नकाशावरच्या बाणाला एकाच बाजूला काटा का?

सर, ‘कार्यपद्धती वळण’ नको. त्यातून मुलांना काहीच दिसत नाही. मी ‘वळसा’ म्हणेन.

वळण म्हणजे रस्त्याचा एक वाक. आपल्याकडच्या पाट्यांवर कन्नडात ‘तिरुवु’ लिहितात, तेच. इथे मात्र विमान धावपट्टीपासून दूर जातं आणि त्याला त्याच रेषेवर उलटं परतायचं असतं. समजा ते होकायंत्राच्या 270 अंशांवर, म्हणजे पश्चिमेला, निघालंय. डावीकडे 45 अंश वळून ते 225 धरतं. छोटी विमानं तशीच एक मिनिट सरळ जातात, मोठी सव्वा मिनिट. मग उजवीकडे 180 अंश फिरून 045 वर येतात आणि 090 ची परतीची रेषा गाठतात. अरुंद बांधावर बैलगाडी फिरवताना आधी एका अंगाला काढतात, तसंच. दोन वळणं मिळून एक वळसा होतो. 80 अंश वळून लगेच उलट 260 अंश फिरण्याचीही रीत आहे, तोही वळसाच. ‘बेस टर्न’मध्ये मात्र विमान आधीच तिरक्या रेषेने दूर जातं आणि एकदाच वळतं. तिथे ‘वळण’ शोभतं.

आता काटा. अमेरिकी नकाशांवर हा अर्धा बाण वळसा कोणत्या बाजूने घ्यायचा ते दाखवतो. त्यावर 45 अंशांच्या वळशाच्या दिशा छापलेल्या असतात, तरी तो आखून दिलेला मार्ग नव्हे. कुठून आणि कसं वळायचं ते वैमानिक ठरवतो. फक्त बाजू सोडायची नाही, दिलेल्या उंचीखाली जायचं नाही, वेग 200 नॉटच्या (ताशी 200 सागरी मैलांच्या) वर न्यायचा नाही आणि उतरणं बाजूने दाखवणाऱ्या उभ्या आकृतीत लिहिलेल्या अंतरात, बहुधा 10 सागरी मैलांत, वळसा पुरा करायचा. कारण डोंगर-मनोरे टाळून मोकळी राखलेली जागा तेवढीच असते. ‘नो पीटी’ (‘नो प्रोसीजर टर्न’) छापलं असेल, तर त्या वाटेने येणाऱ्याने वळसा घ्यायचा नाही.

नकाशावर थेंबासारखी पूर्ण वाट काढलेली असेल, तर ती मात्र तशीच उडायची. म्हणून टिपणात बाणाखाली ‘वळशाची बाजू’ लिहा, ‘वळशाचा मार्ग’ नको.