सरकार माध्यमिक शाळांतल्या शारीरिक शिक्षणाला निधी देतं, तरी पीटीचे तास होत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा की निधी येतो, साहित्य येतं, मग वरच्या वर्गातली पोरं ग्राउंडवर दिसत का नाहीत. मी स्वतः पीटीचा शिक्षक आहे, तेव्हा उत्तर थोडं एकतर्फी वाटलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मते पैसा कमी पडतो हे खरं आहे, पण जो येतो तो साहित्यावर जातो हे जास्त वाईट. साहित्य घेणं सगळ्यात सोपं ना, बिल लागतं, फोटो निघतो, डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या वहीत) नोंद झाली की ऑडिटवाले पण खूश. पण ते बॉल कपाटातून काढायला तास लागतो, तास घ्यायला माणूस लागतो आणि माणसाला पगार दर महिन्याला द्यावा लागतो, नेमका तिथेच हात आखडता होतो.

कागदावर म्हणाल तर सगळं छान आहे. युनेस्कोच्या जागतिक पाहणीत ९७ टक्के देशांत शाळेत शारीरिक शिक्षण एकतर सक्तीचं आहे किंवा सर्रास शिकवलं जातं असं दिसलं, २०१५ च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत माध्यमिकला आठवड्याला १८० मिनिटं सुचवलीत. आणि प्रत्यक्षात? जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी म्हणते, आणि २०१९ साली त्यांच्याच अभ्यासात ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुलं तेवढी करत नाहीत असं निघालं, मुलींचा आकडा तर ८५.

माणसावर खर्च केला की काय होतं आणि तो बंद केला की काय होतं हे बघायचं तर इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे माध्यमिक शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांना आठवड्यातले काही दिवस रोजच्या तासांतून मोकळं करायचे, त्या वेळात ते आसपासच्या शाळांमध्ये खेळ आणि स्पर्धा उभ्या करायचे, यासाठी वर्षाला सुमारे १६.२ कोटी पाउंड राखलेले होते. २०१० मध्ये सरकारने हा निधी बंद करायचं जाहीर केलं, जोरदार ओरड झाली, मग ६.५ कोटी देऊन दर माध्यमिक शाळेतल्या एका शिक्षकाला आठवड्यातून एक दिवस मोकळा ठेवायची तडजोड झाली, तीही २०१३ पर्यंतच. २०१३ ला लंडन ऑलिम्पिकच्या उत्साहात नवीन निधी आला खरा पण प्राथमिक शाळांसाठी! म्हणजे ज्या वयात मुलं खेळ सोडतात तेच वय बाजूला राहिलं.

आता उलट उदाहरण. अमेरिकेत १९७२ ला टायटल नाइन कायदा आला, त्यात खेळासाठी वेगळा पैसा वगैरे काही नव्हता, फक्त एक अट होती की केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थेला मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही. त्याआधी हायस्कूलच्या टीम्समध्ये ३ लाखांहून कमी मुली खेळायच्या, आता ३० लाखांच्या वर आहेत. अर्थात ५० वर्षांत बाकीही बरंच बदललं, सगळं श्रेय कायद्याला देणार नाही, पण अटीत दम असतो हे तरी माना.

परीक्षेचं वेगळं सांगायला नको. पोर्शन राहिला की गणिताचे सर सगळ्यात आधी पीटीचा तास मागतात आणि हेडमास्तर देतात, कारण निकालाचा जाब त्यांना द्यावा लागतो, पीटीचा तास बुडाला म्हणून कुणी विचारत नाही. मग निधी देताना सरकारने तेच विचारावं ना. किती बॅट घेतल्या यापेक्षा वर्षभरात किती तास झाले, शिक्षक पूर्णवेळ आहे का, टीममधली ठरावीक पोरं सोडून बाकीचे किती जण ग्राउंडवर उतरले, आणि मुलींना कपडे बदलायला जागा आहे का (ही नसली की पाळीच्या दिवसांत कितीतरी मुली तास टाळतात, याबद्दल बोलायलाच कुणी तयार नसतं).

तुम्ही पालक असाल तर शाळेत जाऊन साहित्याची यादी मागू नका, गेल्या महिन्याचं टाइमटेबल आणि बदली तासांची वही बघायला मागा, पीटीचे किती तास कुणी घेतले ते त्यात लगेच कळेल.